स्पष्टवक्ता सुखी भवेत्, मग मी सुखी का नाही?

बाई, नमस्कार.

मी ४३ वर्षांची आहे. एका पतसंस्थेत १६ वर्षं नोकरी करते. मागच्या महिन्यात संस्थेच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. हार घालताना अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आमच्या मॅडम अतिशय स्पष्टवक्त्या आहेत." सगळं सभागृह हसलं. मीही हसले, पण घरी येताना रिक्षात रडू आलं. ते कौतुक होतं की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मनात काही ठेवत नाही. जे असेल ते तोंडावर बोलते. माघात मोठ्या दिरांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. दीडशे पान होतं. पुरणपोळ्या बाहेरून मागवल्या होत्या. पुरण पातळ, निम्म्या पोळ्या फुटलेल्या. मी जाऊबाईंना म्हटलं, "एवढा खर्च केलात, निदान आधी चव तरी बघायची." यात खोटं काय होतं? पण त्यांच्या माहेरची माणसं तिथंच बसलेली होती. तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. कामावरच्या एका मैत्रिणीला मी सांगितलं, की तुझ्या मुलाला ५० टक्क्यांवर त्या कॉलेजात प्रवेश मिळणार नाही, उगाच फॉर्म भरू नकोस. प्रवेश मिळाला नाहीच, तरी ती माझ्यावरच रागावली.

तशी मी सगळ्यांसाठी खूप करते. याच दिरांना स्लॅब पडताना मी माझ्या आरडीचे ६० हजार दिले. दोन वर्षं झाली. मागायला जीभ रेटत नाही, नात्यात पैसे कसे मागणार? गुडघे दुखतात तरी रात्रीच्या पोळ्या मीच करते, कुणाला काही सांगत नाही. संस्थेत नवं सॉफ्टवेअर आलंय, ते मला जमत नाही, पण हाताखालच्या मुलांना विचारायचं कसं? रात्री वही घेऊन एकटी बसते.

माझे वडील नेहमी म्हणायचे, 'आहारे व्यवहारे च स्पष्टवक्ता सुखी भवेत्.' स्पष्टवक्ता या शब्दाचा खरा अर्थ काय आहे? तो गुण की दोष? आणि मी स्पष्टवक्ती आहे, तर मी सुखी का नाही?

– एक वाचक, जि. सांगली

*

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या रिक्षातल्या रडण्यापाशी थांबले, तिसऱ्यांदा त्या ६० हजारांपाशी. मधल्या वाचनात तुमच्या वडिलांच्या वचनापाशी थांबले होते आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करते. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे मला शब्दाचं बोट धरूनच चालता येतं. वाट लांबची वाटेल, पण ती तुमच्याच घरी जाते.

हे वचन मीही लहानपणापासून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा पंक्तीत. पाहुणा पोटात भूक असून "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरायला लागला, की वाढणारं कुणीतरी वडीलधारं हे म्हणायचं आणि पोळी वाढायचं. चाणक्यनीतीत मात्र तो श्लोक थोडा वेगळा आहे. 'धनधान्यप्रयोगेषु विद्यासंग्रहणेषु च । आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत् ॥' पैशाच्या आणि धान्याच्या देण्याघेण्यात, विद्या मिळवताना, जेवताना आणि व्यवहारात जो लाज बाजूला ठेवतो तो सुखी होतो. मूळ शब्द आहे 'त्यक्तलज्ज', म्हणजे लाज सोडलेला. 'स्पष्टवक्ता' हा शब्द तोंडोतोंडी त्याच्या जागी येऊन बसला. बसला तो चांगलाच बसला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण येताना श्लोकाची पहिली ओळ गळून पडली, आणि त्या ओळीबरोबर एक महत्त्वाची गोष्टही.

या श्लोकातल्या जागा नीट बघा. माझे पैसे परत हवेत, असं म्हणण्याची लाज. मला हे समजलं नाही, पुन्हा सांगा, असं विचारण्याची लाज. मला भूक आहे, अजून वाढा, असं म्हणण्याची लाज. आपलं काय ठरलं होतं, असं विचारण्याची लाज. एकूण एक जागा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेची आहे. दुसऱ्याच्या घरचं पुरण कसं झालंय हे सांगण्याबद्दल, किंवा दुसऱ्याच्या मुलाला किती टक्के पडलेत त्याबद्दल या श्लोकात अक्षर नाही.

आता तुमचं पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचा. मी वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि तितकंच हायसंही वाटलं, कारण उत्तर तुम्हीच लिहून पाठवलं होतंत. धनधान्य म्हणावं तर दिरांकडचे ६० हजार, तिथं तुम्ही गप्प आहात. विद्या म्हणावी तर नवं सॉफ्टवेअर, तिथंही गप्प. स्वयंपाकघरात गुडघे दुखत असताना पोळ्या लाटता, तिथंही तोंडातून शब्द नाही. श्लोक जिथं जिथं लाज सोडा म्हणतो, नेमक्या तिथं तुम्ही लाजलेल्या आहात. आणि ज्याबद्दल तो काहीच बोलत नाही, तिथं तुम्ही बोलून मोकळ्या झाला आहात. ताई, तुमच्या वडिलांचं वचन खोटं ठरलेलं नाही. ते अजून तुम्ही वापरून बघितलेलंच नाही.

तुम्हाला शब्दाचा अर्थ हवा आहे, तर तो सांगते. 'स्पष्ट' या शब्दाच्या मुळाशी 'स्पश्' नावाचा जुना धातू आहे, त्याचा अर्थ बघणं. 'पश्यति' म्हणजे 'तो बघतो', त्याच्याच घरातला. संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात, कारण तो नजर ठेवतो. म्हणजे स्पष्ट हा शब्द मुळात तोंडाचा नाहीच, डोळ्यांचा आहे. जे नीट दिसलं ते स्पष्ट. आपण आजही म्हणतो, धुकं गेलं आणि समोरचा डोंगर स्पष्ट दिसायला लागला. बोलणं नंतर आलं. आधी बघायचं, आणि जे दिसलं ते समोरच्यालाही दिसेल असं मांडायचं.

याच शब्दाचा आणखी एक वापर मला फार प्रिय आहे. माझे आजोबा पत्रिका मांडायचे. त्यांच्या वहीत एका रकान्यावर 'मध्यम रवी' आणि शेजारच्या रकान्यावर 'स्पष्ट रवी' असं लिहिलेलं असे. मला वाटायचं, सूर्य दोन आहेत. मग त्यांनी समजावून सांगितलं. सूर्य रोज सारख्या वेगानं पुढे सरकतो असं धरलं, तर तो दिवसाला सरासरी ५९ कला आणि ८ विकला चालतो. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा.) या हिशेबानं काढलेली जागा म्हणजे मध्यम रवी. पण खरा सूर्य असा सारखा चालत नाही. जानेवारीच्या सुमाराला तो दिवसाला ६१ कलांच्या थोडा पुढे जातो, जुलैच्या सुमाराला ५७ कलांवर रेंगाळतो. म्हणून मध्यम स्थानाला एक संस्कार, म्हणजे दुरुस्ती, द्यावा लागतो, त्याला मंदफल म्हणतात. तो दिला की सूर्य आकाशात जिथं खरोखर आहे ती जागा मिळते, तो स्पष्ट रवी. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं आणि हे सगळं गणित इतकं सोपं केलं की पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. त्या शास्त्रात ग्रह 'स्पष्ट करणं' ही एक कृती आहे. पहिला आकडा हाताशी आला म्हणून तो स्पष्ट होत नाही. आधी हिशेब, मग संस्कार, मग स्पष्ट.

आपण बोलण्याच्या बाबतीत मात्र उलट समजून बसलो आहोत. जे पहिल्यांदा तोंडात आलं, तेच खरं आणि तेच स्पष्ट, असं आपल्याला वाटतं. वास्तविक जे पहिल्यांदा तोंडात येतं ते मध्यम असतं. त्या दिवशीचा थकवा, जुना राग, लोक काय म्हणतील याची धास्ती, असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. ते वजा केल्यावर जे उरेल ते आपलं खरं म्हणणं.

हे मी तुम्हाला वरच्या पायरीवरून सांगत नाही. शाळेत असताना मीही स्पष्ट बोलण्यासाठी ओळखली जायचे आणि मला त्याचा अभिमान होता. एका पालकसभेत मी नववीतल्या एका मुलाच्या वडिलांना बाकीच्या पालकांसमोर सांगितलं, की तुमच्या मुलाचं लक्ष नसतं, फळ्यावरच्या चार ओळी धड उतरवून घेत नाही, क्लासवर पैसे घालवू नका. वडील काही बोलले नाहीत. हातातली पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली आणि मान हलवली. दोन महिन्यांनी शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं. त्या मुलाला मागच्या बाकावरून फळा दिसतच नव्हता. चष्मा लागला, मुलगा पुढे बसायला लागला, अक्षरही सुधारलं. त्याचे वडील पुन्हा कुठल्याही सभेला आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागायला हवी होती. मी गेले नाही, आणि ते मला आजही सलतं. त्या दिवशी मी बोलले ते ठणठणीत आवाजात बोलले, एकही शब्द मोघम नव्हता, आणि तरी ते स्पष्ट नव्हतं. कारण मी बघितलंच नव्हतं.

आता गुण की दोष, या तुमच्या प्रश्नाकडे येते. आपल्या भाषेनं याचं उत्तर एका शब्दात दिलेलं नाही, तिनं वेगवेगळे शब्द करून ठेवले आहेत. परखड, सडेतोड, रोखठोक, निर्भीड, मनमोकळा, आणि दुसऱ्या टोकाला फटकळ, तोंडाळ. यातला रोखठोक तुम्हाला पतसंस्थेत जवळचा वाटेल. रोख म्हणजे उधारी नसलेला. जे देणंघेणं आहे ते आत्ता, समोर, मोजून, मागे बाकी काही नाही. परखड माणूस एखाद्या गोष्टीची पारख करतो आणि ती कमी भरली तर तसं सांगतो. तो सहसा कामाबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. फटकळ म्हणजे ज्याच्या तोंडाला लगाम नाही. फटकळ माणूस खोटं बोलतो असं नाही, बहुतेक वेळा तो खरंच बोलतो. पण ते कुणाला, कुठं, कशासाठी सांगायचं, हे तो ठरवत नाही.

निर्भीड या शब्दापाशी मात्र जरा थांबू या. त्यात भीती नाही, भीड आहे. भीड म्हणजे जवळच्या किंवा मोठ्या माणसासमोर जो संकोच आड येतो तो. परक्याची आपल्याला भीती वाटते, पण भीड पडते ती आपल्याच माणसांची. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. भिडेपोटी माणूस जामीन राहतो, उसने देतो, मागत नाही, आणि एक दिवस त्याचेच हात रिकामे होतात. तुम्ही लिहिलंत, "नात्यात पैसे कसे मागणार?" ही भीड आहे, ताई. मूळ श्लोकातल्या लज्जेला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द मला भीड हाच वाटतो. आणि निर्भीड व्हायचं ते इथं.

मोकळं बोलणं हा शब्द तर मला सगळ्यात आवडतो. आपण भातही मोकळा करतो. मोकळा भात म्हणजे शीत न् शीत सुटं, पण शिजलेलं, कच्चं नव्हे. त्याचा गोळा झालेला नसतो. मनातल्या गोष्टी साचल्या की त्यांचा असा गोळा होतो, आणि मग एकीला हात लावला की दुसरीही बरोबर येते.

वास्तुशांतीच्या दिवशी मला वाटतं हेच झालं. दीर आणि जाऊबाई एकाच घरातले. ज्या स्लॅबसाठी तुमचे ६० हजार गेले, त्याच स्लॅबखाली तुम्ही त्या दिवशी जेवायला बसला होतात. दीडशे पान उठत होतं, आणि तुमच्या पैशांचा विषय दोन वर्षांत कुणी काढला नव्हता. मग तुमच्या तोंडून वाक्य आलं, "एवढा खर्च केलात, निदान आधी चव तरी बघायची." त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग पुन्हा वाचा. पुरण पातळ झालं होतं याबद्दल मला शंका नाही. पण बोलत होते ते ६० हजार. जाऊबाईंनाही ते ऐकू गेलं असेल, म्हणून तर पुरणाच्या एका बोलण्यावरून त्यांनी इतके महिने अबोला धरलाय. पुरणाचा राग एवढा टिकत नाही.

मी चुकत असेन तर मला जरूर लिहा. पण मी इतकी वर्षं पत्रं वाचतेय, त्यात मला हे वारंवार दिसलंय. ज्या घरात खरी गोष्ट बोलली जात नाही, त्या घरात भाजीचं मीठ, पडद्याचा रंग, पोरांचे मार्क यांवरून माणसं एकमेकांना फार लागेल असं बोलतात.

सभागृहातल्या हसण्याबद्दलही बोलायला हवं, कारण रडू तुम्हाला त्याचं आलं. अध्यक्षांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. हसण्यातला काही भाग तुमच्या बोलण्याच्या सवयीला असेल. पण सगळाच तुमचा दोष समजू नका. पुरुष हिशेबातली चूक दाखवतो तेव्हा त्याला परखड म्हणतात, बाईनं दाखवली की फटकळ, आगाऊ, तोंडाळ. संस्कृतात बोलणाऱ्या बाईला 'वक्त्री' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तो फारसा रुळलाच नाही, आपण वक्त्यालाच ईकार लावून काम भागवलं. १६ वर्षं पतसंस्थेत काढलेल्या बाईनं थकीत कर्जावर, अपुऱ्या कागदांवर, चुकीच्या सहीवर बोट ठेवलं असणारच. ते तुमचं काम आहे. तिथलं एकही वाक्य मागे घेऊ नका आणि मऊही करू नका. सभासदांचे पैसे तुमच्या त्या बोलण्यामुळे सुरक्षित आहेत.

मैत्रिणीच्या मुलाचं मात्र वेगळं होतं. तिनं तुम्हाला विचारलं होतं का? पत्रात तसं नाही. ५० टक्के तिलाही दिसत होते. तिला तो फॉर्म भरून एकदा 'नाही' ऐकायचं असेल, म्हणजे मुलाला आपण सगळं करून बघितलं असं सांगता येईल. तिला आता काही समजावू नका. पुढच्या वेळी ती काही सांगायला लागली तर एवढंच विचारा, "तुला माझं मत हवंय, की नुसतं ऐकू?" नुसतं ऐक म्हणाली, तर ऐका.

आता करायचं काय. आधी सॉफ्टवेअर, कारण ते सगळ्यात सोपं आहे. उद्या कामावर गेलात की त्या मुलांपैकी जो समजावून सांगणारा असेल त्याला म्हणा, "मला व्याजाची नोंद कशी करायची ते कळत नाही. आज जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं बसशील का?" यात "माझं वय झालं", "आमच्या वेळी असं नव्हतं" असलं काही घालू नका. नेमकं काय कळत नाही तेवढंच सांगा. मला मोबाइलवर मराठी टंकायला माझ्या भाचेसुनेनं शिकवलं. पहिल्या दिवशी विचारताना मलाही जड गेलं होतं, दुसऱ्या दिवसापासून गेलं नाही.

पोळ्यांबद्दल घरात सांगताना सुस्कारे आणि भांड्यांचे आवाज वापरू नका. आपण बायका ते फार वापरतो आणि ते कुणाला कळत नाही. जेवताना, सगळे समोर असताना सांगा, "माझा गुडघा दुखतो. उभं राहून पोळ्या करणं मला आता जमत नाही. सोमवार ते शुक्रवार पोळ्यांना बाई लावू, नाहीतर तुम्ही दोघांनी दिवस वाटून घ्या." मग गप्प राहा. ती शांतता अवघड जाईल, कारण आपल्याला लगेच "तसं अगदीच जमत नाही असं नाही" म्हणायची सवय असते. ते वाक्य गिळून टाका. गुडघा डॉक्टरांनाही दाखवा, हेही मी आडपडदा न ठेवता सांगते.

राहिले जाऊबाई आणि दीर. ही दोन बोलणी वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवीत. आधी जाऊबाई. त्यांना फोन करून, वेळ विचारून घरी जा. तुमच्या मनात एक वाक्य तयार असेल, मी ओळखते, कारण ते माझंही होतं. "मी स्पष्टवक्ती आहे, माझ्या मनात काही नसतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." हे वाक्य तिथं नेऊ नका. त्यात माफी कुठंच नाही; आपलं मन रिकामं झालं याचा आनंद आहे, आणि समोरचीनं मनाला लावून घेतलं हा तिच्यावरच ठपका आहे. त्याऐवजी म्हणा, "ताई, वास्तुशांतीला तुमच्या माहेरच्या माणसांसमोर मी पुरणावरून बोलले. तुमचा आनंदाचा दिवस होता. ते मी बोलायला नको होतं." इथं थांबा. 'पण' आलं की सगळं फुकट जाईल. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या, रडल्या तर पाणी आणून द्या. पैशांचं नाव त्या दिवशी काढू नका, नाहीतर माफी ही वसुलीची प्रस्तावना वाटेल, आणि तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून तर जास्तच वाटेल.

दिरांशी बोलण्याआधी नवऱ्याला सांगा. परवानगी मागायला नव्हे. आरडी तुमची, पैसे तुमचे. पण भावाभावांमध्ये हा विषय त्याला तिसऱ्याकडून कळू नये. "तुम्ही दादांना सांगा ना" असंही म्हणू नका. दिलेत तुम्ही, मागायचे तुम्हीच.

मागताना आडून मागू नका. "हल्ली खर्च फार वाढलाय", "आरडी पुन्हा सुरू करावी म्हणते" अशी सूचक वाक्यं दोन वर्षांत तुम्ही टाकलीच असतील, आणि ती कुणाला लागू पडली नाहीत. तुम्ही रोज कर्जदारांना फोन करता, तेव्हा रक्कम आणि तारीख सांगता. इथंही तेच करा, फक्त आवाज घरचा ठेवा. "भाऊजी, स्लॅबच्या वेळी मी दिलेले ६० हजार मला आता परत हवे आहेत. एकदम जमत नसेल तर दर महिन्याला १० हजार चालतील. पहिले कधी देऊ शकाल?" त्यांनी "बघू", "जमेल तसं देतो" म्हटलं, तर न चिडता पुन्हा विचारा, "कुठल्या महिन्यापासून धरू?" त्यांची खरंच अडचण असेल तर तीही त्यांना मोकळेपणानं सांगता येईल, आणि मग तुम्ही वर्षभर थांबायचं ठरवलंत तरी ते ठरवून थांबणं असेल. कदाचित ते म्हणतील, "अगं, तू कधी बोललीच नाहीस." त्यावर त्यांना टोमणा मारू नका. ते खरं आहे.

हे वाक्य आधी घरी मोठ्यानं म्हणून बघा, चारपाच वेळा. आणि '६० हजार' म्हणताना आवाज खाली येऊ देऊ नका.